गळाला एक न्याय, जाळ्याला दुसरा?

युरोपातील ईल माशाचा धंदा आज संकटात आहे. ईल म्हणजे आपल्याकडील वामेसारखा लांबट मासा. याची पैदास अटलांटिकमधील सारगासो समुद्रात होते. तेथून हजारो किलोमीटर वाहत काचेसारखी पारदर्शक पिल्ले युरोपच्या नद्यांत शिरतात, अनेक वर्षे तेथे वाढतात आणि आयुष्यात एकदाच अंडी घालण्यासाठी परत समुद्राकडे निघतात. तलावात ईल पाळणारेही ही रानटी पिल्लेच विकत घेतात. कृत्रिम पैदास व्यापारी प्रमाणावर अजून साधलेली नाही. म्हणजे या धंद्याचे सारे भांडवल निसर्गाच्याच तिजोरीत आहे.

ही तिजोरी रिकामी होत आली आहे. १९६० ते १९७९ या काळात जेवढी पिल्ले येत, त्यांच्या शेकडा एकच्या आसपासच आज उत्तर समुद्राच्या किनाऱ्याला लागतात. २००७ साली युरोपीय संघाने नियम केला की, माणसाचा उपद्रव नसता तर जेवढे प्रौढ ईल समुद्रात पोहोचले असते, त्यांतले निदान ४० टक्के तरी पोहोचावेत. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तर मासेमारी पूर्ण थांबवण्याचाच सल्ला दिला.

आता तंटा आहे तो झळ कोणी सोसायची याचा. इंग्लंडमध्ये २०१० पासून गळाला लागलेला ईल जिवंत सोडावा लागतो. परवानाधारक जाळेवाल्याला मात्र तो विकता येतो. २०२३ पासून युरोपीय संघाच्या सागरी पाण्यात हौशी मासेमारांना ईल धरण्यास वर्षभर मनाई आहे, तर धंदेवाल्यांना निदान सहा महिन्यांची. गळवाले विचारतात, आमचा एक मासा जड झाला आणि त्यांची टोपलीभर हलकी कशी? जाळेवाले म्हणतात, तुमची हौस बुडते, आमची चूल विझते.

आमच्या मते दोघांचेही म्हणणे खरे आहे. सर्वांना सारखी बंदी म्हणजे न्याय नव्हे. पण ज्याच्या हाती जास्त मासा, त्याला जास्त मोकळीक हाही न्याय नव्हे. हौशी माणसाने मासा सोडून द्यावा, हे रास्तच आहे. जाळेवाल्याच्या बंदीचे महिने मात्र प्रौढ मासा समुद्राकडे निघतो तेव्हाचेच हवेत. हंगाम संपल्यावर बंदी घालणे म्हणजे शुद्ध धूळफेक होय. या काळाची भरपाई सरकारने द्यावी आणि धंदा सोडू इच्छिणाऱ्याचा परवाना योग्य दाम देऊन परत घ्यावा.

तिसरा वाटेकरी तर या भांडणात कोठे दिसतच नाही. नद्यांवरील धरणे माशांची वाट अडवतात आणि वीजकेंद्रांची पाती परतणाऱ्या ईलचे तुकडे करतात. संघाबाहेर निर्यातीला २०१० च्या अखेरीपासून बंदी असूनही पिल्लांची चोरटी रवानगी पूर्व आशियाकडे होतच राहिली. वीजकंपनीला माशासाठी वाट करून देण्याचा खर्च आणि चोरट्याला जबर दंड, हे झाल्याशिवाय गरीब मच्छीमाराला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

व्याजावर जगावे, मुद्दल खाऊ नये, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. येथे मुद्दलच संपत आले आहे. तेव्हा ते वाचवण्याची वर्गणी ज्याने त्याने आपापल्या उचलीप्रमाणे भरावी, एवढेच आमचे म्हणणे.