एका अर्जाच्या निमित्ताने

मराठी शिकवणाऱ्याकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. मानपत्रे, लग्नपत्रिका, एखाद्या पतसंस्थेच्या अहवालाचे शुद्धलेखन हेही त्याच्या वाट्याला येते आणि इतक्या वर्षांत त्याची सवय झाली आहे. तथापि काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्ष कला शाखेतील एक विद्यार्थिनी आपल्या वडिलांना घेऊन घरी आली, त्या संध्याकाळचा अर्ज माझ्या मनातून गेलेला नाही. तो जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला करावयाचा होता. बांधावरून झालेल्या मारामारीत चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातल्याबद्दल वडिलांना पाच वर्षांची सक्तमजुरी झाली होती. आई त्याआधीच वारलेली. आजीने दोन्ही मुलांना सांभाळले. तीही गेल्यावर मुलगी वसतिगृहात आली आणि सहा वर्षांचा धाकटा भाऊ समितीच्या आदेशाने बालगृहात गेला. आता वडील सुटून वर्ष झाले होते, ट्रॅक्टरवर कामाला जात होते आणि आपला मुलगा परत मागत होते.

मी सवयीने सुरुवात केली : ‘अर्जदार हा शिक्षा झालेला गुन्हेगार असून...’ मुलगी कागदावर वाकून वाचत होती. ती म्हणाली, ‘सर, पहिल्याच वाक्यात?’ वडील म्हणाले, ‘असू दे. खरं आहे ते.’

खरे होते का? ‘याने मारले’ हे एक विधान आहे. त्याला काळ आहे, कर्म आहे, स्थळ आहे आणि ते एका दिवशी घडून संपले आहे. ‘गुन्हेगार’ या नामाला काळ नसतो. फारसीतून आलेला हा ‘गार’ प्रत्यय मोठा चिवट आहे. कामगार रोज काम करतो, जादूगार रोज जादू करतो, म्हणून ती नावे त्यांना शोभतात. या गृहस्थांनी आयुष्यात एकदा, एका दुपारी, दांडा उचलला होता. परंतु सरकारी कागदाला क्रियापदापेक्षा नाम सोयीचे वाटते, आणि त्या दिवशी मीही कागदाचीच भाषा बोललो.

मुलाच्या ताब्याचा निर्णय करताना आईबापांचा गुन्हेगारी पूर्वेतिहास किती मोजावा, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. अमेरिकेत गेली पन्नासएक वर्षे तो न्यायालयांत आणि कायदेमंडळांत उघडपणे लढवला जात आहे, म्हणून त्या अर्जानंतर मी तिकडचे निकाल व कायदे वाचू लागलो. त्यांतील १९८१ सालचा लॅसिटर खटला मला विसरता येत नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम येथे १९७५ साली एका तान्ह्या मुलाला आईच्या हेळसांडीच्या कारणाने समाजसेवा विभागाने ताब्यात घेतले. पुढच्या वर्षी आईला खुनाच्या आरोपाखाली पंचवीस ते चाळीस वर्षांची शिक्षा झाली. १९७८ साली विभागाने तिचे पालकत्वाचे हक्क कायमचे संपुष्टात आणावेत असा अर्ज केला. डिसेंबर १९७५ पासून तिने मुलाशी संपर्क ठेवलेला नाही, हे त्याचे एक मुख्य कारण. सुनावणीला तिला तुरुंगातून आणण्यात आले. वकील नव्हता. समाजसेविकेची उलटतपासणी तिने स्वतःच करावयाची होती. प्रश्न कसा विचारायचा हे तिला ठाऊक नव्हते, ती प्रश्नाऐवजी आपले म्हणणेच मांडू लागे आणि न्यायाधीशांचा धीर सुटू लागे. मुलाला माझ्या आईकडे ठेवा, एवढेच तिचे मागणे होते. ते मान्य झाले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पाच विरुद्ध चार अशा मतांनी असा निकाल लागला की, अशा प्रत्येक खटल्यात गरीब आईबापांना सरकारी वकील दिलाच पाहिजे असे घटना सांगत नाही.

ती आदर्श आई होती असे कोणी म्हणणार नाही; तुरुंगात जाण्याआधीही तिचे मुलाकडे दुर्लक्ष झाले होते असे न्यायालयाचे मत होते. मला खटकते ते दुसरेच. खुनाच्या खटल्यात वकील मिळणे हा तिचा हक्क होता, कारण तिथे स्वातंत्र्य पणाला लागलेले होते. मूल कायमचे जाणार होते त्या खटल्यात मात्र तो हक्क तिला नव्हता. शिवाय एखाद्या माणसाला राज्यानेच कोठडीत ठेवायचे आणि मग त्याच राज्याने त्याच्या गैरहजेरीचे महिने मोजायचे, यात कुठेतरी हिशेबाची लबाडी आहे. पुढच्याच वर्षी सॅन्टॉस्की खटल्यात त्याच न्यायालयाने हक्क काढून घेण्यासाठी अधिक ठोस पुरावा लागेल असे ठरवले, हे खरे. पण गैरहजेरीचा पुरावा नेहमीच ठोस असतो.

१९९७ साली हे महिने मोजण्याचे काम कायद्यानेच हाती घेतले. त्या वर्षीच्या दत्तक व सुरक्षित कुटुंब कायद्यानुसार मूल गेल्या बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने प्रतिपालक व्यवस्थेत राहिले, की राज्याने आईबापांचे हक्क संपवण्याचा अर्ज करावयाचा. मूल नातेवाइकाकडे असेल तर, किंवा असा अर्ज मुलाच्या हिताचा नाही असे सबळ कारण असेल तर, अपवाद. हा कायदा करणारे निर्दय नव्हते. मुले वर्षानुवर्षे एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहत होती आणि कुठलेच घर त्यांचे होत नव्हते. त्यातच १९९३ साली शिकागोत तीन वर्षांचा एक मुलगा पुन्हा आईच्या स्वाधीन केल्यावर तिच्याच हातून मारला गेला, आणि ‘कुटुंब टिकवा’ या धोरणावरचा लोकांचा विश्वास उडाला. चार वर्षांच्या मुलाला पंधरा महिने म्हणजे काय, हे ज्याने लहान मूल वाढवले आहे त्याला सांगावे लागत नाही. मुलाचे घड्याळ आपल्यापेक्षा भरभर चालते, हा त्या कायद्यामागचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे.

पण हे घड्याळ गुन्ह्याकडे पाहत नाही, शिक्षेच्या मुदतीकडे पाहते. ज्याने आपल्याच मुलाला गंभीर इजा केली किंवा मुलाच्या भावंडाला मारले, त्याच्यासाठी राज्याने कुटुंब जुळवण्याचे प्रयत्न करण्याची सक्ती त्याच कायद्याने काढून टाकली आहे. त्या कलमाशी माझे भांडण नाही. मात्र अमली पदार्थ जवळ बाळगल्याबद्दल दोन वर्षे आत गेलेली आईही पंधरा महिन्यांच्या त्याच रेषेपाशी येऊन उभी राहते. नातेवाइकाचे दार उघडे आहे म्हणावे, तर प्रतिपालक म्हणून मान्यता देताना त्या घराचाही पूर्वेतिहास तपासला जातो, आणि मारहाणीचा किंवा अमली पदार्थांचा गंभीर गुन्हा गेल्या पाच वर्षांतला निघाला तर ते दार लागते. गरीब वस्तीत, जिथे पोलिसांची गाडी रोज फिरते, तिथे कोरे घर शोधायचे कुठे? न्यूयॉर्क राज्याला हे उमगले. तिथे २०१० साली कायदा बदलला आणि तुरुंगातील आईबाप मुलाच्या आयुष्यात अर्थपूर्ण वाटा उचलत असतील तर घाईने अर्ज न करण्याची मुभा संस्थांना मिळाली. पत्रे, फोन, भेटी यांना तिथे कायद्याच्या दृष्टीने वजन आले.

हे सारे तिकडचे म्हणून बाजूला ठेवण्याची सोय निदान मराठीच्या प्राध्यापकाला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वर्गात शिकवताना गुन्हेगार जमाती कायद्याचा इतिहास सांगावाच लागतो. विद्यार्थ्यांना हजेरी आणि तारेचे कुंपण यांची थोडीफार माहिती असते. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांत असेही एक कलम होते, की या जमातींच्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना सरकारला आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवता येईल, हे त्यांना माहीत नसते. त्यासाठी आईबापांपैकी कोणी काही केलेले असण्याची गरज नव्हती. जमातीचे नाव पुरे होते. सोलापुरात त्या वसाहतीच्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. कायदा १९५२ साली रद्द झाला. गुन्हेगाराचे मूल त्याच्यापासून दूर नेले की सुधारते, ही समजूत मात्र कायद्याबरोबर रद्द झाली असे मला वाटत नाही. शिक्षकांच्या खोलीतही ती मी ऐकली आहे, आणि बोलणारे वाईट लोक नव्हते.

आपला आजचा कायदा या बाबतीत पुष्कळ समंजस आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आर. डी. उपाध्याय प्रकरणात सांगितले, की कैदी आईजवळ मूल सहा वर्षांपर्यंत राहू शकते. त्यानंतर आईच्या इच्छेनुसार योग्य व्यक्तीकडे किंवा संस्थेत जावे, शक्यतो त्याच गावात, आणि संस्थेत असेल तर आठवड्यातून निदान एकदा आईला भेटावे. (बापाविषयी आपले कायदे आणि आपले साहित्य दोन्ही कमी बोलतात, हे जाता जाता नोंदवतो.) २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, हिताच्या आड येत नसेल तर लवकरात लवकर आपल्या कुटुंबात परत जाणे हा मुलाचा हक्क मानला आहे. लक्षात घ्यावे, हक्क मुलाचा आहे, बापाचा नव्हे. याच कायद्यात ‘नवी सुरुवात’ नावाचे एक तत्त्व आहे : विशेष परिस्थिती वगळता बाल न्याय व्यवस्थेतील मुलाची जुनी नोंद पुसून टाकावी. मुलाची पाटी कोरी करण्याचे औदार्य आपण दाखवतो. बापाची पाटी कोरी करा असे मी म्हणत नाही; पण तिच्यावर जे लिहिले आहे ते शेवटपर्यंत वाचावे. त्याने काय केले, कोणाला केले, त्यानंतर किती वर्षे गेली, आणि त्या वर्षांत मुलाशी त्याचे नाते काय राहिले, हे चार प्रश्न विचारल्यावाचून ‘पूर्वेतिहास’ हा शब्द समितीपुढे उच्चारूच नये असे माझे मत आहे. आणि उत्तर मुलाच्या जिवाला धोका असल्याचे आले, तर बापाचे अश्रू पाहून निर्णय बदलू नये, हेही तितकेच ठामपणे म्हणतो.

पैशाचीही एक बाजू आहे. अमेरिकेच्या १९९७ च्या कायद्याने ठरलेल्या संख्येच्या वर झालेल्या प्रत्येक दत्तकविधानामागे राज्यांना चार हजार डॉलरचे बक्षीस ठेवले. घरी परतलेल्या मुलामागे तसे बक्षीस त्यात नव्हते. आपल्याकडे मिशन वात्सल्य योजनेत अडचणीतील मूल कुटुंबातच वाढावे म्हणून पात्र मुलाला दरमहा चार हजार रुपये ठेवले आहेत. चार हजार हा आकडा दोन्हीकडे यावा हा योगायोग. आपली दिशा मला अधिक बरी वाटते, मात्र त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना या योजनेचे नावही ठाऊक नव्हते. मलाही त्या संध्याकाळी नव्हते.

अर्ज पुन्हा लिहिला. गुन्हा लपवला नाही. तिसऱ्या परिच्छेदात कलम, तारीख, शिक्षेची मुदत आणि सुटकेचा दिवस असे सारे क्रमाने घातले. ‘गुन्हेगार’ शब्द काढला आणि ‘शिक्षा पूर्ण भोगली आहे’ असे लिहिले. पहिल्या वाक्यात मुलाचे नाव आणि इयत्ता घेतली. मग मी विचारले, आत असताना मुलाशी काही संबंध ठेवलात का? वडील गप्प राहिले. मुलीने पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली पोस्टकार्डे काढली. अकरा होती. तुरुंगाचा शिक्का असलेली, बहुधा दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतलेली, कारण अक्षर दर वेळी निराळे होते. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले हे आपण वर्गात कौतुकाने सांगतो. या कार्डांत तसे काही नव्हते. अभ्यास कर, बहिणीचे ऐक, दात घास. शेवटच्या दोन कार्डांवर बालगृहाचा पत्ता होता.

त्यांच्या झेरॉक्स प्रती आम्ही अर्जाला जोडल्या. समितीने सामाजिक तपासणी अहवाल मागवला, कार्यकर्ती घरी येऊन गेली, शेजाऱ्यांशी बोलली, चुलतभावालाही भेटली. पहिल्या सुनावणीत मुलगा बापाच्या मांडीवर बसायला तयार झाला नाही. चार वर्षांनी तो त्याला पाहत होता. समितीने घाई केली नाही. महिन्यातून दोन भेटी ठरवून दिल्या, आणि त्या झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस मुलाला घरी पाठवले. सुट्टीनंतर मुलगी कॉलेजात भेटली तेव्हा मी चौकशी केली. ती म्हणाली, पहिले तीन दिवस तो तिच्याजवळच झोपला, चौथ्या दिवशी ट्रॅक्टरवर बसून गेला आणि दुपारपर्यंत आला नाही.