मनाची ताकद म्हणे! बरं, मोजून दाखवा

मनाच्या ताकदीवरून आपल्या पोरांत हल्ली दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, मनात पक्कं धरा, विश्व तुमच्या दारात चालत येईल. त्यासाठी तो बापाच्या ओव्हरटाइमचे पैसे मोजून एसी हॉलातल्या शिबिराला जातो. दुसरा म्हणतो, सगळं थोतांड. माणूस म्हणजे हाडामांसाचं मशीन, मनबिन काय नाय. मला दोघांशीही भांडायचंय. पहिल्याशी जरा जास्त.

दोस्तहो, माणसातून माणसात न दिसणारं काहीतरी जातं, हा सिद्धांत आपल्याला नवा नाय. विटाळ म्हंजे दुसरं काय होतं? सावली पडली की ह्यांचं अंग बाटायचं, हात लागला की पाणी बाटायचं. १९२७ साली महाडला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली, तर सनातन्यांनी १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही आणि मंत्र वापरून ते तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. संकल्पशक्तीचा एवढा मोठा प्रयोग, आणि पाण्यात फरक काय पडला याचं मोजमाप शून्य! म्हणून कुणी अदृश्य शक्तीचं नाव काढलं की माझा हात आधी खिशावर जातो.

पण नुसतं हसून उडवणं हाही आळसच. दार उघडं ठेवावं, आत येणाऱ्याला पुरावा विचारावा. विचारलाय लोकांनी. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट जान या इंजिनियरनं १९७९ ते २००७ एक प्रयोगशाळा चालवली. मशीन आपोआप आकडे टाकणार, समोर बसलेला माणूस आकडा चढावा किंवा उतरावा असं मनात धरणार. आकडे मनाच्या बाजूला किंचित झुकतात, असा त्यांचा दावा होता. मग जर्मनीतल्या दोन प्रयोगशाळांना बरोबर घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला. २००० साली निकाल छापला: मुख्य परिणाम मिळाला नाही. छापला, हे मात्र मानलं पाहिजे. आपल्याकडचा कुठला बाबा छापेल?

दुसरा प्रयोग २००६ सालचा, हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सनच्या गटाचा. हृदयाची बायपास झालेले १,८०२ रोगी. काहींसाठी दुरून प्रार्थना केली, काहींसाठी नाही. आपण कुठल्या गटात हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्यांत ५२ टक्के लोकांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही त्रास झाला, दुसऱ्यांत ५१ टक्के. म्हणजे प्रार्थना करा न करा, सारखंच. तिसऱ्या गटाला मात्र स्पष्ट सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चाललीय. त्यांच्यात ५९ टक्के! संशोधकच म्हणाले, हा योगायोगही असेल. असेल. पण मला तो आकडा सोडत नाही. आपल्याबद्दल कुणीतरी काहीतरी मनात धरलंय, हे *कळणं* ही गोष्टच वेगळी.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो, कारण इथं त्याचं मशीन अडकतं. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ बायांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सहावी-सातवीच्या पोरांना भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. सुटलेल्या कोड्याला पैसे. जात न पुकारता बसवलं तेव्हा दलित पोरं आणि सवर्ण पोरं बरोबरीनं कोडी सोडवत होती. मग दुसऱ्या पोरांना बसवलं आणि सगळ्यांसमोर एकेकाचं नाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात वाचून दाखवली. पोरानं फक्त मान हलवायची. बास, एवढंच. दलित पोरांची कोडी धडाधड कमी झाली. डोकं तसंच, पेन्सिल तीच. मध्ये आली ती खोलीतली नजर.

ही मनाची ताकद. ती हवेतून नाही येत. शब्दातून, नजरेतून, हजेरीच्या वहीतून येते. माणूस माणसाशी जोडलेला आहे हे मी मानतो ते एवढ्याचसाठी. २०१० साली १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त माणसांचा हिशेब एकत्र केला, तर ज्यांना घट्ट नातीगोती आहेत त्यांची जगण्याची शक्यता निम्म्यानं वाढलेली निघाली. मशीनवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

आणि शिबिरवाल्यांनी याचं द्यावं: ‘द सीक्रेट’ हे २००६ सालचं पुस्तक सांगतं, तुमच्या आयुष्यात जे येतं ते तुमच्याच विचारांनी ओढून आणलेलं असतं. मग गटारात गुदमरून मेलेल्या कामगारानं ते मनात धरलं होतं काय? हा कर्मविपाक झाला साला, फक्त पाप मागच्या जन्मातून काढून या जन्माच्या डोक्यात भरलंय. आणि वर फी.

मी सातवीत होतो तेव्हा आमचे एक मास्तर स्कॉलरशिपचा फॉर्म आला की म्हणायचे, ‘बीसीची पोरं उभी राहा.’ आम्ही उभे राहायचो. पुढच्या तासाला गणित असायचं. हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही, ती कोड्यांची पाहणी वाचली तेव्हा ते गणित आठवलं म्हणून सांगतो.

आपल्या बाजूच्या कॉलेजात आजही फी-माफीची यादी नोटीस बोर्डावर लागते, नावापुढं जातीचा रकाना भरून. तो रकाना ऑफिसात ठेवता येतो, भिंतीवर लावायची गरज नाही. सोमवारी अकराला प्राचार्यांच्या केबिनमध्ये हेच मांडायला चाललोय. दोन्ही तटांतले कोण कोण येताय?