गुलमंडीवर

कुरडया परत आल्या. गेल्या तेव्हा कुरडया होत्या, परत आला तो भुगा. डब्यावरच्या चिकटपट्टीवर कुणीतरी निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'पत्ता अपूर्ण'.

माझ्या गुडघ्याची कथा या सदराच्या वाचकांना पाठ आहे, ती पुन्हा ऐकवत नाही. गारखेड्याहून माहेरी जायला गुडघा या आठवड्यात राजी नव्हता आणि दादाला यंदाच्या पहिल्या कुरडया पोहोचवायच्याच होत्या. म्हणून सुनेने मोबाइलवरून डबे पोहोचवणारा एक पोरगा बोलावला. पत्ता मात्र मी स्वतःच्या हाताने लिहिला. माहेरचा पत्ता लिहायला मला कुणाची मदत लागत नाही. दादाचं नाव, सुपारी हनुमानाच्या मागे, वॉर्ड गुलमंडी, ४३१००१.

अर्ध्या तासाने पोराचा फोन. "आँटी, लोकेशन भेजो."

मी म्हटलं, पत्ता लिहिलाय ना.

"वॉर्ड गुलमंडी टाकलं तर काहीच दाखवत नाही."

"अरे, पण तू आहेस कुठे आत्ता?"

"गुलमंडी पे."

आता बोला! पोरगा उभा गुलमंडीवर आणि त्याला सापडत नाही ती गुलमंडी. तेवढ्यात त्याला दुसरी ऑर्डर आली आणि माझ्या कुरडया त्याच्या पाठीवरच्या पेटीत शहरभर हिंडल्या. संध्याकाळी दादाला फोन केला, तर तो माझ्यावरच घसरला. "वॉर्ड कशाला लिहितेस? वॉर्ड गेला. आता प्रभाग आहे." गेला हा शब्द त्याने अशा सुरात उच्चारला की मी क्षणभर दहावा कधी ते विचारणार होते.

तर गेलेल्याची माहिती थोडक्यात. आपली महापालिका ८ डिसेंबर १९८२ ला स्थापन झाली, आसपासची अठरा खेडी पोटात घेऊन. पहिली निवडणूक व्हायला १९८८ उजाडलं. तेव्हा वॉर्ड साठ होते. शिवसेनेने त्यातले सत्तावीस जिंकले, तरी पहिले महापौर झाले काँग्रेसचे डॉ. शांताराम काळे. पुढे शहर फुगत गेलं तसे वॉर्डही वाढत गेले. एप्रिल २०१५ मध्ये ते ११३ होते, मग सातारा-देवळाईचे दोन धरून ११५. त्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. आधी कोरोना, मग आरक्षणाची कोर्टबाजी असं करत सर्वोच्च न्यायालयाने दटावल्यावर १५ जानेवारी २०२६ ला एकदाचं मतदान झालं. जागा ११५च, पण एक वॉर्ड एक नगरसेवक हा हिशेब मिटला. प्रभाग २९, त्यातल्या २८ प्रभागांत चार-चार जण आणि एकात तिघं. म्हणजे महापालिका जन्मली ती प्रशासकाच्या मांडीवर, पाच वर्षं तिथेच राहिली, आणि चाळिशीत पुन्हा पाच वर्षांहून जास्त तिथेच जाऊन बसली. नगरसेवकाला घटना पाच वर्षांपेक्षा एक दिवस जास्त देत नाही. प्रशासकाला असलं काही बंधन नाही, हे मला या निमित्ताने कळलं.

या चार-चारच्या भानगडीचा पहिला फटका आमच्या वहिनीला बसला. वहिनीने १९८८ पासून एकही मतदान चुकवलेलं नाही. आत जायचं, ओळखीचं चिन्ह दाबायचं, शाई वाळायच्या आत घरी येऊन कुकर लावायचा. यंदा आत गेली तर समोर अ, ब, क, ड अशा चार याद्या. पांढरी, फिकट गुलाबी, फिकट पिवळी, फिकट निळी. वहिनी म्हणाली, "वन्सं, मला वाटलं मॅचिंग सेंटरात आले. अस्तराच्या शेड दाखवतायत." तिने तीन बटणं दाबली आणि निघाली. मशीन गप्प. टेबलामागचा माणूस म्हणाला, बाई, एक मत राहिलं, चारही दिल्याशिवाय वाजत नाही. वहिनी म्हणाली, ओळखीचे तीनच आहेत. मग नोटा दाबा म्हणाला. तिला नोटा ठाऊक नव्हता, आणि अनोळखी उमेदवाराला मत द्यायला ती तयार नव्हती. मागे रांग खोळंबली. शेवटी तिने डोळे मिटून काहीतरी दाबलं, मशीन कोकललं आणि आता ती महिनोन्महिने विचारते आहे की तो चौथा कोण असेल. भाजी घेताना लोकांच्या तोंडाकडे बघते म्हणे, हाच तर नसेल?

मी तिला म्हटलं, पूर्वीच्या एकाची तरी कुठे एवढी मोठी आरती ओवाळायची? वॉर्ड गेला म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या वॉर्डातला एक नगरसेवक (कुठल्या सालचा ते विचारू नका) कोणत्या घरातून किती मतं पडली हे घरच्या म्हातारीपेक्षा अचूक सांगायचा आणि नळाची दुरुस्ती त्याच क्रमाने व्हायची. पुढे वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तर बाईंना फोन लावला की यजमान उचलायचे. बाई सभागृहात कमी आणि यजमान घराच्या ओट्यावर जास्त, अशी ती पाच वर्षं गेली. पण एक खरं, ओटा ठाऊक होता. पाणी आलं नाही की सकाळी सहाला त्या ओट्यावर जाऊन बसता यायचं. जायकवाडी काठोकाठ भरलेलं आणि आपला नळ दिवसचे दिवस कोरडा, हे कोडं त्यांनाही कधी सुटलं नाही, पण चहा यायचा. आता ओटे चार. दादा एकाकडे गेला, त्याने दुसऱ्याकडे पाठवलं. दुसरा म्हणाला, तुमची गल्ली आम्ही आपसांत तिसऱ्याला दिली आहे. मतदार म्हणून नव्हे, सामायिक विहीर म्हणून वापरतायत, असं दादाचं म्हणणं. तो रागावला की बरी उपमा देतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सिमेंटचं बाक आहे. पाठीवर लिहिलेलं, 'वॉर्ड गुलमंडी', खाली 'स्वेच्छा निधीतून' आणि त्याखाली नगरसेवकाचं नाव. नाव इतकं ठसठशीत की पाठ टेकली तर शर्टावर उमटेल असं वडील म्हणायचे. ते शेवटपर्यंत त्या बाकावर ताठ बसायचे. विरोधी पक्षाचे होते ना! आता नावाचा रंग उडाला, 'वॉर्ड' मधला 'र्' गळाला, फक्त 'गुलमंडी' शाबूत आहे. परवा सुनेने त्याचा फोटो काढला आणि म्हणाली, किती फनी, लोक बाकड्यावर नावं कशी घालतात. मी म्हटलं, बाळ, तू राहायला आलीस ते गावच असं आहे. औरंगजेबाच्या फौजेबरोबर राजपूत सरदार आले, ज्याने जिथे डेरा टाकला तिथे त्याच्या नावाचा पुरा झाला. बिकानेरच्या करणसिंहाचा कर्णपुरा, पदमसिंहाचा पदमपुरा, जोधपूरच्या जसवंतसिंहाचा जसवंतपुरा, मिर्झाराजांचा जयसिंगपुरा. बावन्न दरवाजे आणि बावन्न पुरे म्हणतात, त्यातलेच हे काही पुरे. सरदारांना पुरे मिळाले, नगरसेवकांना बाकं मिळाली. महागाई केवढी वाढली बघा.

गुलमंडीला मात्र कुणा सरदाराचं नाव नाही. गुल म्हणजे फूल, मंडी म्हणजे बाजार. फुलं आता शोधावी लागतात. साड्या, परकर, टॉवेल, इमरती आणि लावायला जागा न मिळालेल्या दुचाक्या, एवढंच दिसतं. पलीकडच्या मछली खडकावर मासळी मिळत नाही, तसंच हे. आमच्या शहरात नावावर विश्वास ठेवून पिशवी घेऊन निघायचं नसतं.

आणि इथे मला त्या पोराचं 'गुलमंडी पे' पुन्हा आठवलं. कुरडयांचा राग ओसरल्यावर मी दोन दिवस याच विचारात आहे. आपण गुलमंडी'वर' का म्हणतो? औरंगपुऱ्यात जातो, मोंढ्यात जातो, सिडकोत राहतो. पैठण गेटला भेटतो, टीव्ही सेंटरला उतरतो, कॅनॉटला खातो. पण गुलमंडी आली की वर. 'गुलमंडीवर चाललेय, काही आणायचंय का?' गुलमंडीत चाललेय असं कुणी म्हणालं की तो बदली होऊन आलेला आहे हे आम्ही ओळखतो. मराठी बोलणारा 'वर' म्हणतो, उर्दू बोलणारा 'पे' म्हणतो. ज्या दोन लोकांचं या शहरात वर्षानुवर्षं शहराच्या नावावरूनसुद्धा जमलं नाही, त्यांचं या एका प्रत्ययावर एकमत आहे.

मराठीच्या निवृत्त शिक्षिका असलेल्या माझ्या मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, चौक आहे म्हणून 'वर'. मी म्हटलं, मग क्रांती चौकात का, सिटी चौकात का? ती म्हणाली, उंचवटा असेल. अगं, कसला उंचवटा! मग म्हणाली, पुण्यात डेक्कनवर म्हणतातच की. पुण्याचं नाव निघालं तेव्हा मी ओळखलं की हिला उत्तर येत नाही.

माझं उत्तर असं. ज्याला भिंती असतात, शीव असते, आत आणि बाहेर असतं, त्याच्या 'त' आपण असतो. घरात, पेटीत, वॉर्डात. गुलमंडीला बाहेर नाही. घाटावर जावं, जत्रेच्या मैदानावर जावं, नाक्यावर उभं राहावं तसं तिथे जायचं असतं. गुलमंडी सुरू कुठे होते हे कुणालाच सांगता यायचं नाही. रंगारगल्लीतला दुकानदार पिशवीवर गुलमंडी छापतो. टिळकपथावरचा छापतो. औरंगपुऱ्याच्या तोंडाशी बसणारासुद्धा फोनवर 'हां, गुलमंडीवरच' म्हणतो. ज्याला गिऱ्हाईक हवं त्याच्या पायाखाली गुलमंडी आहे. १९८८ साली पहिल्यांदा कुणीतरी नकाशा पसरून या पसरलेल्या चीजेभोवती रेघ मारली आणि म्हणालं, ही गुलमंडी, इतकी मतं. पुढच्या निवडणुकीत रेघ सरकली. साठाचे एकशेतेरा करायचे तर सरकणारच. एका निवडणुकीला आमचं घर गुलमंडीत होतं आणि समोरचं शिंप्याचं नव्हतं. शिंप्याला ते इतकं लागलं की त्याने पाच वर्षं पाटीवरचं 'गुलमंडी' पुसलं नाही, उलट रंगवून मोठं केलं. वडिलांना विचारायचा, "काका, मी रात्रीतून कुठं गेलो का?"

दादाला हा सिद्धांत ऐकवला. तो म्हणाला, छान आहे, पण खांबावरचा दिवा बंद आहे त्याचं काय? मी म्हटलं, तिसऱ्याला सांग. तो म्हणाला, तिसऱ्याचं म्हणणं, दिवे चौथ्याकडे आहेत.

मग काल नव्या कुरडया घेऊन मी स्वतःच निघाले. गुडघ्याला पट्टा बांधला, डबा मांडीवर घेतला, रिक्षात बसले. रिक्षावाल्यांवर मी मागे जे लिहिलं त्यावर आलेली पत्रं अजून कपाटात आहेत, म्हणून या एकाचं कौतुक करते. दाढी पांढरी, गाडी स्वच्छ, मीटरचा मात्र विषय नाही. "कहाँ जाना बाजी?" मी मुद्दाम म्हटलं, वॉर्ड गुलमंडी. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "वॉर्ड-बिर्ड क्या मालूम नै. गुलमंडी पे छोड देतूं, चलतंय?"

चालतंय म्हटलं. त्याने सोडलं ते चौकाच्या अलीकडे, कारण पुढे हातगाड्या, टेम्पो आणि लग्नाच्या खरेदीला आलेलं एक अख्खं गाव होतं. डबा छातीशी धरून मी बाकापर्यंत पोहोचले, पाठ न टेकता दोन मिनिटं बसले आणि मग घरी गेले. एकही कुरडई मोडली नव्हती. वहिनीने डबा उघडून मोजल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, "वन्सं, अन् पापड?"

ते गारखेड्यात ओट्यावरच राहिले होते.