तुटलेले नाक हाही पुरावाच

आजचा थ्रेड कोणत्या राजवंशावर नाही, छायाचित्रांवर आहे. निमित्त मात्र घरचेच आहे.

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर चारठाण्याच्या (ता. जिंतूर, जि. परभणी) एका मंदिराचे चित्र आले. खाली ओळ होती, ‘यादवकाळात असे दिसत होते’. शिखर अखंड, द्वारपाल धडधाकट, सुरसुंदरींची नाके शाबूत, वर सोनेरी आभाळ. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले ते चित्र देखणे होते, यात वाद नाही. आठवीतल्या मावसभावाने ते प्रकल्पवहीत चिकटवले आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘छायाचित्र’. माझे मन त्या शब्दापाशी अडले.

मराठवाड्याला नकलांचा अनुभव जुना आहे. अजिंठा आणि परभणी दोन्ही तेव्हा निजामाच्या मुलखात. १८४४मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमले. त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठमोठी तैलचित्रे रंगवली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली त्यांतली बहुतेक चित्रे १८६६च्या आगीत भस्मसात झाली. पुढे १८७२पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह तेथे उतरले. त्यांच्या शंभराहून अधिक प्रतिकृती १८८५मध्ये लंडनमध्येच जळाल्या. याहून जिव्हारी लागणारी गोष्ट निराळीच. नक्कल करताना रेषा उठून दिसाव्यात म्हणून मूळ चित्रांवरच वार्निश फासले गेले. ते पुढे पिवळे पडले आणि त्याने मूळ रंग झाकोळले. नकलेच्या हव्यासाने अस्सलाला इजा होते, याचा एवढा ठसठशीत दाखला दुसरा शोधावा लागणार नाही.

नंतर कॅमेरा आला. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी छायाचित्रांच्या आधारे अजिंठ्याचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात सिद्ध केले. १९९०च्या दशकात बिनॉय बहल यांनी झगमगते दिवे टाळून, अत्यल्प प्रकाशात ती चित्रे टिपली. आता नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार संगणकाच्या साहाय्याने त्यांचे पुनर्निर्माण करतात. त्यामागे प्रदीर्घ अभ्यास आहे, आणि ते पुनर्निर्माण म्हणूनच लोकांपुढे येते.

म्हणजे माझा आक्षेप संगणकाला नाही. गिलचे तैलचित्र पाहून कोणी त्याला भिंत समजत नव्हते, कारण नकलेवर नकलणाऱ्याचा हात दिसत होता. व्हॉट्सॲपवरच्या चित्रात तो हात दिसेनासा झाला आहे, आणि त्याच्याबरोबर प्रश्न विचारण्याची जागाही.

‘नाक जोडले तर बिघडले काय?’ असे मामांनी विचारले. बिघडते ते असे. तामिळनाडूतील वृद्धाचलम येथून चोरीस गेलेले दगडी अर्धनारीश्वर ऑस्ट्रेलियातील एका कलादालनात पोहोचले होते. जुन्या छायाचित्रांमुळे त्याची ओळख पटली आणि २०१४मध्ये ते भारतात परतले. अशा प्रकरणांत मूर्तीचे सौंदर्य उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतात ती भेग, उडालेला टवका, मोडलेले बोट. एकाच घडणीच्या दहा सुरसुंदरी असू शकतात, पण नेमके तेथेच आणि तसेच तुटलेले नाक एकीचेच असते. आमच्या जिल्ह्यात किती कोरीव दगड पारावर, बांधावर, मारुतीच्या पाठीमागे शेंदूर लावून उभे आहेत! ज्याचे छायाचित्रच नाही, तो दगड उद्या नाहीसा झाला तर तो आपला होता हे कशाने सांगणार?

मीही या मोहातून सुटलेले नाही. जिंतूर तालुक्यातल्या एका गावी झिजलेल्या शिलालेखाचे छायाचित्र मी फोनने घेतले. घरी येऊन वाचले, तर एका अक्षराला काना स्पष्ट दिसत होता. त्या कान्यावर मी प्रबंधाचा एक परिच्छेद उभा केला. मार्गदर्शकांनी विचारले, ‘ठसा घेतलास का?’ घेतला नव्हता. पुन्हा गेले, संध्याकाळी विजेरी दगडालगत तिरपी धरली, तर काना नव्हताच. पावसाने खाल्लेली एक चीर होती. फोन एका क्षणात अनेक प्रतिमा घेऊन त्यांतून एक साधतो आणि कडा ठळक करतो. चिरेला रेष त्याने केले आणि रेषेला काना मी. परिच्छेद खोडला. ओला कागद दगडावर थापटून घेतलेला ठसा बेंगरूळ दिसतो खरा, पण तो अक्षरे सुचवत नाही.

उलट बाजूही मांडली पाहिजे. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव आज दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे, ती प्रामुख्याने मोबाइल आणि ड्रोनच्या छायाचित्रांमुळे. रोहन काळे यांच्या बारव मोहिमेने राज्यभरच्या बारवा नकाशावर आणल्या, गावकऱ्यांनी गाळ उपसला. सरकारी यादीची वाट पाहत बसलो असतो तर हे कधी झाले असते कोण जाणे. तेच यंत्र, तोच फोन. पण तेथे त्याने जे होते ते दाखवले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. पुनर्रचित चित्र खुशाल करा, पण त्याच्या शेजारी आजचे न सुधारलेले छायाचित्र ठेवा, आणि चित्रावरच ‘कल्पनाचित्र’ असे लिहा. मूळ फाइल पुसू नका. गाव, तारीख नोंदवा, मूर्तीशेजारी एखादी पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर पेन चालेल.

आणि एक विनंती. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड या भागातल्या वाचकांनी घरातले जुने लग्नाचे अल्बम काढून पाहावेत. नवरानवरी देवदर्शनाला गेलेली असतात आणि त्यांच्या मागे मंदिराची भिंत उभी असते. माझ्या आत्याच्या अशाच एका छायाचित्रात एक मूर्ती आहे. त्या कोनाड्यात आज काहीच नाही. तुमच्याकडे असे काही असेल तर या थ्रेडखाली टाका, जसे आहे तसेच, डागांसकट.