टॅपेट वाजत नाही म्हणून निर्धास्त राहू नका



इकडे अमेरिकेत सेकंडहँड मोटरसायकल घेणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इंजिन एकदम स्मूथ आहे हो, टॅपेटचा आवाज अजिबात नाही." मला हे समाधान धोक्याचं वाटतं. टॅपेट ज्याने त्याने घरीच तपासावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा समज आपण भारतातून बरोबर आणलाय. टॅपेट वाजायला लागलं की गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात न्यायची, मेकॅनिक कान लावून पाना फिरवणार, आवाज बंद, आपण खूश. पण फट जास्त असली तर ती निदान आवाज करून सांगते. फट कमी झाली तर इंजिन उलट शांत होतं! इंजिन तापलं की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. त्याला जागाच उरली नाही तर व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता टेकल्यावर सीटमधूनच बाहेर जाते. टेकला नाही की तो कडेने जळतो, कॉम्प्रेशन जातं आणि शेवटी हेड उघडावं लागतं. शिवाय व्हॉल्व्ह आणि सीट झिजत जातात तशी ही फट आपोआप कमी होते. म्हणजे कानावर विसंबणं अगदी नको तिथे फसवतं.

उदाहरण म्हणून सुझुकी डीआर६५० घेऊ. एक सिलिंडर, चार व्हॉल्व्ह, स्क्रू आणि लॉकनटचं साधं ॲडजस्टमेंट. फट इनलेटला ०.०८ ते ०.१३ मिमी, एक्झॉस्टला ०.१७ ते ०.२२ मिमी. एक्झॉस्ट जास्त तापतो म्हणून त्याला जास्त जागा. माप इंजिन पूर्ण थंड असतानाच घ्यायचं, गाडी रात्रभर उभी असलेली उत्तम. टाकी आणि स्पार्क प्लग काढा, इंजिन हाताने फिरवून खिडकीत टीची खूण आणा. ही खूण दोनदा येते. रॉकर हलवून थोडे ढिले लागले तर आपण कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आहोत; घट्ट असतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. मग फीलर गेज. इनलेटला ०.०८ ची पट्टी आत गेली पाहिजे, ०.१४ ची जाता कामा नये. लॉकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर परत मोजायचं. शेवटी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा एकदा मोजा.

"आपल्या तासाचा रेट बघता हे परवडत नाही," असा आक्षेप येणारच. शनिवारी सकाळी कोणी आपल्याला तासाचा रेट देत नाही. आणि गॅरेजच्या बिलावर "व्हॉल्व्ह तपासले" एवढंच लिहिलेलं असतं, आकडे क्वचितच. घरी केलं तर चारही आकडे वहीत राहतात, आणि पुढच्या वेळी कुठला व्हॉल्व्ह आक्रसतोय ते दिसतं. कोडचा लॉग ठेवणाऱ्या माणसाला याचं महत्त्व मी काय सांगणार!

दुसरा आक्षेप वॉरंटीचा. इथला १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा असा आहे की केवळ मेंटेनन्स स्वतः केला म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. तुमच्या कामामुळे बिघाड झाला तर गोष्ट वेगळी. पावत्या आणि नोंदी जपून ठेवा.

सगळ्याच गाड्यांना हे लागू नाही, हेही खरं. हार्लेच्या मोठ्या व्ही-ट्विनमध्ये हायड्रॉलिक लिफ्टर असतात, तिथे हे काम उरतच नाही. शिम आणि बकेटवाल्या इंजिनात मोजणं जमतं, पण शिम बदलायला बहुतेक वेळा कॅमशाफ्ट काढावा लागतो. पहिल्याच खेपेला तो उद्योग नको. मोजा आणि पुढचं जाणकारावर सोपवा.

आपल्यातले कितीतरी जण मेकॅनिकल शिकून आयटीत आले. थर्मल एक्स्पान्शनवर पानंच्या पानं लिहून मार्क मिळवले, पण पाना हातात धरणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम, अशी एक समजूत आपल्याकडे मुरलेली आहे. ती इथे तरी सोडायला हरकत नाही. सर्व्हिस मॅन्युअल आणि फीलर गेज एवढ्यावर सुरुवात होते. मुलांनाही शेजारी बसवा, आकडे त्यांना लिहू द्या.