तारखा पडतात, चूल थांबत नाही

शीव स्टेशनाबाहेर वांद्र्याकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत सकाळी एखादी बाई छातीशी प्लॅस्टिकची पिशवी घट्ट धरून उभी असते. पिशवीत डबा असेल असे आपल्याला वाटते. पुष्कळदा तिच्यात लग्नाचा दाखला, शिधापत्रिकेची झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले असे कागद असतात. त्या दिवशी कुटुंब न्यायालयात तिची तारीख असते.

घटस्फोट म्हटला की आपण दोघांचे भांडण पाहतो. त्या दोघांच्या मागे उभी असलेली मुले आणि थकलेली आई आपल्याला दिसत नाहीत. तारीख पुढे गेली म्हणून शाळेची फी पुढे जात नाही की खोलीचे भाडे थांबत नाही. निकाल लागेपर्यंत ही बाई धड संसारात नसते आणि धड मोकळीही नसते. मग या मधल्या दिवसांत तिचे घर कोणी चालवायचे?

शासनाने याचा विचार केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या यादीत विधवांबरोबर घटस्फोट झालेल्या पण पोटगी न मिळणाऱ्या स्त्रिया आहेत आणि ‘घटस्फोट प्रक्रियेतील’ स्त्रियाही आहेत. हे दोन शब्द लिहिणाऱ्याला जग ठाऊक असले पाहिजे! २०२३ पासून या योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. मात्र कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपयेच राहिली. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. प्रतीक्षानगरात दोन घरची धुणीभांडी करणारी बाईही या हिशेबाने ‘सधन’ ठरते.

२०२४ साली ‘माझी लाडकी बहीण’ योजना आली. रक्कम तीच, १,५०० रुपये, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता अशा सगळ्याजणी तिच्यात आल्या. मात्र कुटुंबाची व्याख्या पती, पत्नी आणि अविवाहित मुले अशी झाली. जो नवरा घरात एक पैसा देत नाही, त्याची मिळकत कागदावर तिच्याच ताटात वाढली गेली.

पुढे अपात्रांनी, काही पुरुषांनीसुद्धा, पैसे उचलल्याचे उघड झाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. तिच्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागे. ज्याच्याविरुद्ध दावा लावला, त्यालाच फोन करून ‘आकडा सांगा हो’ म्हणायचे! ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मुदत वाढली आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा कागद किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. ती योग्यच होती. पण जिचा निकालच लागलेला नाही, तिने कोणता कागद द्यावा?

कायदा तिला अंतरिम पोटगीचा हक्क देतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्या अर्जाचा निर्णय व्हावा, असेही सांगतो. अडचण ‘बजावल्यापासून’ या शब्दात आहे. नवरा खोली बदलतो, नोकरी बदलतो आणि पाकीट परत येते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितले. पण थकबाकी हाती येईपर्यंत वाण्याची उधारी कोण फेडणार?

आपल्याकडे निराधार योजना आली त्याच वर्षी, १९८० साली, जर्मनीत एक कायदा अमलात आला. वेगळा राहणारा पालक मुलाचा खर्च देत नसेल तर सरकार तो आगाऊ देते आणि मागाहून त्या पालकाकडून वसूल करते. वसुली पूर्ण होत नाही, हे तेथेही खरे आहे. पण वसुलीची पायपीट सरकारची असते, आईची नसते.

आपण एवढे एकदम करू शकणार नाही. तरी काही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. दाव्याचा क्रमांक हाच तात्पुरता पुरावा मानावा. तो न्यायालयाच्या नोंदीत असतो, तेव्हा तपासणे अवघड नाही. अर्जाच्या दिवसापासून फक्त तिचे स्वतःचे उत्पन्न धरावे. एका पालकाच्या मुलांना बाल संगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, याची माहिती न्यायालयाच्या दारातच मिळावी. आणि निराधारांची उत्पन्नमर्यादा मुंबईच्या भाड्याकडे पाहून ठरवावी.

खोटे अर्ज येतील, असे कोणी म्हणेल. येतीलही. पण दीड हजारासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्याची हौस कोणाला असते? चार लबाडांना अडवण्यासाठी दार लावून घेतले की बाहेर राहते ती गरजूच.

समेट होईल की काडीमोड, हे न्यायालय ठरवील. त्याला वेळ लागतो आणि लागावाही. संसार घाईने तोडायची वस्तू नव्हे. पण तोवर त्या पिशवीतल्या जन्मदाखल्यांवर ज्यांची नावे आहेत, त्यांना रोज संध्याकाळी भूक लागते.