उंच झाड कुणाच्या दप्तरी?

गडचिरोलीतल्या ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’तले साग बघताना मान दुखते. हे जंगल 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. हिंगोली जिल्ह्यात, कनेरगाव नाक्याच्या आसपास, तसले काही नाही. इकडचे जंगल कोरडे, पानझडीचे. साग आहे, पण बेताचा. मग मोजायचे तरी काय, असे कुणीही विचारील.

खरे तर मोजायला हवे ते इथेच. कॅलिफोर्नियातला ‘हायपेरियन’ हा रेडवुड सुमारे 116 मीटर उंच आहे, पण त्याच्या उंचीवरून कनेरगावची माती कळत नाही. वनखात्यात जमिनीचा कस ठरवताना एकाच वयाच्या झाडांतली सर्वांत उंच झाडे पाहतात. कारण खोडाचा घेर दाटीनुसार कमीजास्त होतो, उंची सहसा जमिनीवर अवलंबून असते. मुरमाड माळावर एखादा साग शेजाऱ्यांना मागे टाकून वर गेला असेल, तर तिथली माती खोल आहे का, खाली ओल टिकते का, हे तपासायला हवे.

मोजणी अवघड नाही. मोबाइलमधल्या कोनमापकाने शेंडा 45 अंशांत दिसेपर्यंत सपाट जागेवर मागे सरकायचे. बुंध्यापर्यंतचे अंतर अधिक डोळ्यांची उंची, म्हणजे झाडाची उंची. सरळसोट सागाला हे ठीक. वड-आंब्याला मात्र फसगत होते, कारण शेंडा म्हणून जे दिसते ती अलीकडची फांदीच असते. बुंधा 20 मीटरवर आणि ती फांदी 15 मीटरवर असेल, तर साडेसोळा मीटरवरची फांदी साडेएकवीस मीटरची भरते. अशी पाच मीटरची थाप कागदावर उतरली की तोच विक्रम होतो! म्हणून दोन-तीन बाजूंनी मोजावे, आणि छातीच्या उंचीवरचा घेरही लिहावा.

आता मुद्दा नोंदीचा. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना ‘हेरिटेज’ दर्जा मिळाला. पण 1975 चा हा मूळ कायदा नागरी क्षेत्रांपुरता आहे. शहरातल्या वडाला हे संरक्षण, गावाच्या वडाला नाही. हा भेद अन्यायाचा आहे.

तो मिटेपर्यंत वाट पाहायचे कारण नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. तिच्यात प्रत्येक जातीच्या सर्वांत उंच झाडाची जागा, उंची, घेर आणि मोजल्याची तारीख लिहावी. हे काम शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांकडे द्यावे, आणि पुढच्या ग्रामसभेत ते आकडे वाचून दाखवावेत.